स्पॅनिश बोलायला शिकताना: ऑनलाइन बॅचच्या पहिल्या तासाआधी

फी भरण्याआधी एक प्रश्न विचारून घ्या: बॅचमध्ये जास्तीत जास्त किती जण असतील? संभाषणाच्या वर्गाचं सगळं गणित इथे आहे. ६० मिनिटांच्या तासात निम्मा वेळ शिक्षक बोलले आणि विद्यार्थी पाच असले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटं येतात. दहा असले, तर तीनच. म्हणून चार ते सहा जणांची बॅच शोधा. दोघादोघांना ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे व्हिडिओ कॉलमधल्याच वेगळ्या खोलीत, बोलायला पाठवतात का, हेही विचारा. पाठवत असतील तर तुमची बोलायची मिनिटं बरीच वाढतात. पुढची सगळी तयारी या थोड्या मिनिटांसाठी आहे. ती शब्द आठवण्यात गेली, तर वर्ग कितीही चांगला असला तरी हाती फार काही लागत नाही.

मग पातळी. भाषा किती येते हे मोजायच्या युरोपीय चौकटीत ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२ अशा सहा पातळ्या आहेत आणि बहुतेक वर्ग त्यांनुसारच बॅच लावतात. ॲपवर किंवा पुस्तकातून बरंच व्याकरण झालेलं आहे, पण कधी कुणाशी बोलला नाहीत, असं असेल तर एक पातळी खालची बॅच घ्या. यात कमीपणा काहीच नाही. वाचून समजणं आणि समोरच्याला लगेच उत्तर देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस या स्पेनच्या सरकारी संस्थेची देले ही स्पॅनिशच्या प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल, तर मात्र हे आधीच सांगा. तिथे लेखन आणि वाचनही लागतं आणि नुसता संभाषणाचा वर्ग त्याला पुरत नाही.

शिक्षक कुठल्या देशाचे आहेत, हे जरूर विचारा. स्पॅनिश वीस देशांची अधिकृत भाषा आहे आणि बोलणं जागोजागी बदलतं. ‘ग्रासियास’मधला पहिला स माद्रिदचा माणूस जीभ दातांमध्ये आणून उच्चारतो, मेक्सिकोत तो साधा स असतो. मित्रमंडळींना ‘तुम्ही सगळे’ म्हणायला स्पेनमध्ये ‘वोसोत्रोस’ चालतं, लॅटिन अमेरिकेत सगळीकडे ‘उस्तेदेस’. ब्वेनोस आइरेसमध्ये ‘तू’च्या जागी ‘वोस’ येतं आणि त्याबरोबर क्रियापदही बदलतं. कोणतंही एक निवडा, पण पहिले काही महिने त्यालाच धरून राहा. शिक्षक स्पेनमधले असतील, तर तिथली घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढेमागे होतात, हे कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. आपल्याकडे वेळ तीच राहते आणि तास सरकतो.

आता तोंडाची तयारी, आणि इथे मराठी माणसाला मोठा फायदा आहे, तो घ्याच. स्पॅनिश त आणि द आपल्यासारखेच दातांवर जीभ टेकवून येतात. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. ते कुठेही आले तरी जवळपास तसेच राहतात. ‘एच’ लिहितात पण उच्चारत नाहीत, म्हणून ‘ओला’. ‘बी’ आणि ‘व्ही’ या दोन अक्षरांचा उच्चार एकच. मेहनत लागते ती ‘आर’च्या दोन प्रकारांना: ‘पेरो’ मऊ म्हटलं तर ‘पण’, आणि र चांगला थरथरवला तर ‘कुत्रा’. रोज आरशासमोर थोडा वेळ या जोडीवर घालवा. शब्द देवनागरीत उतरवायचा मोह सुरुवातीला होतो, पण वहीत मूळ लिपीतच लिहा. वर्गात स्क्रीनवर तेच दिसणार आहे, आणि स्पॅनिशमध्ये लिहिलेलं पाहून उच्चार जवळजवळ नेहमी कळतो.

वाक्यं मनात इंग्रजीत जुळवून मग स्पॅनिशमध्ये आणू नका. ‘मला पुस्तक आवडतं, मला पुस्तकं आवडतात’ हे आपण जसं म्हणतो, तसंच ‘मे गुस्ता एल लिब्रो, मे गुस्तान लोस लिब्रोस’. आवडणारी वस्तू अनेकवचनी झाली की क्रियापदही बदलतं. इंग्रजीतून जाणारा इथे अडखळतो, मराठीतून जाणारा सरळ पोहोचतो. ‘मी’ गाळून ‘बोलतो’, ‘जातो’ म्हणायची आपली सवयही तिथे जशीच्या तशी चालते. नाम पाठ करताना त्याच्या आधीचं ‘एल’ किंवा ‘ला’ सोबतच घ्या, कारण शेवटच्या अक्षरावरून लिंग दर वेळी कळत नाही: ‘एल प्रोब्लेमा’, पण ‘ला मानो’. आपल्या एका ‘आहे’साठी मात्र तिथे ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदं आहेत. आपण कोण आहोत, कुठले आहोत हे सांगायला ‘सेर’चं ‘सोय’. आत्ता कसे आहोत, कुठे आहोत हे सांगायला ‘एस्तार’चं ‘एस्तोय’. सुरुवातीला एवढा भेद पुरे.

पहिल्या तासाआधी काही वाक्यं न अडखळता यायला हवीत. ‘कोमो से दीसे’ म्हणजे अमुक कसं म्हणतात. ‘के सिग्नीफिका’ म्हणजे याचा अर्थ काय. ‘मास देस्पासियो, पोर फावोर’ म्हणजे जरा हळू, आणि ‘पुएदे रेपेतीर’ म्हणजे पुन्हा सांगाल का. शब्द शोधताना गप्प राहण्याऐवजी ‘पुएस’, ‘आ वेर’, ‘ब्वेनो’ म्हणायची सवय लावा; तिथले लोकही विचार करताना हेच म्हणतात. याउपर स्वतःबद्दलची आठदहा वाक्यं तयार करा: काय काम करता, घरी कोण असतं, स्पॅनिश कशासाठी हवी आहे, येत्या रविवारी काय करणार. भविष्यकाळाची रूपं आत्ता नकोत. ‘वोय आ’ आणि पुढे मूळ क्रियापद जोडलं की काम होतं. स्पॅनिश कशासाठी हवी आहे, ते वाक्य मनापासून लिहा. वर्गात तेच पुन्हा पुन्हा विचारलं जातं, आणि खरं उत्तर दिलं की पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं.

तांत्रिक बाजू थोडक्यात: माइक असलेला हेडफोन, शक्यतो वायरचा. फोनवर आणि संगणकावर स्पॅनिश कीबोर्ड जोडून ठेवा, म्हणजे ‘एन’वरची लाट आणि वाक्याच्या सुरुवातीचं उलटं प्रश्नचिन्ह शोधत बसावं लागणार नाही. कॅमेरा सुरू ठेवा. समोरच्याचे ओठ दिसले की निम्मं समजतं, आणि बाकीच्यांनाही तुमच्याकडून तेच हवं असतं. भाषांतराचं ॲप तासापुरतं बंद करा. अडलं तर ‘कोमो से दीसे’ आहेच.

तासाला बसताना वहीचं पान उभ्या रेषेने विभागा. एका बाजूला शिक्षकांनी सुधारलेली तुमची वाक्यं, दुसऱ्या बाजूला इतरांची. दुसरी बाजू बहुतेक जण कोरी ठेवतात आणि तिथेच नुकसान होतं, कारण छोट्या बॅचमध्ये इतरांच्या चुका अगदी आपल्याच असतात. दुसरा अडखळत असताना शब्द पुरवू नका, त्याला वेळ द्या; पण त्याचं उत्तर स्वतःच्या मनात पूर्ण करा.

तास संपला की लगेच पहिल्या बाजूची वाक्यं मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करा. पुढच्या तासाआधी ती ऐका आणि त्यातली दोन तरी बोलण्यात आणायचीच, असं ठरवून बसा. एखादा तास चुकला, तर बॅचमधल्या कुणालाही विषय विचारून त्यावर आपली चार वाक्यं लिहून ठेवा आणि पुढच्या तासाला सुरुवातीलाच सांगा.