“धोका दुप्पट” वाचलं की आधी छेद शोधा

अमक्याने तमक्या आजाराचा धोका दुप्पट होतो अशी हेडिंग दिसली की मी निष्कर्ष बाजूला ठेवते आणि आधी माणसं कशी गोळा केली ते शोधते, कारण पुढे कुठला आकडा काढता येईल आणि कुठला नाही हे तिथेच ठरून जातं.

निरोगी माणसं घेतली, कोण सिगरेट ओढतं कोण नाही हे लिहून ठेवलं आणि मग वर्षानुवर्षं कोण आजारी पडतंय ते बघत राहिले, तर ती कोहॉर्ट स्टडी. १९४८ ला अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात सुरू झालेली हार्टवाली स्टडी अशीच, ५,२०९ माणसं. इथे रिस्क सरळ निघते, नवीन आजारी पडलेले वर आणि सुरुवातीचे सगळे निरोगी खाली, म्हणजे छेदात. फक्त किती वर्षांत ते विचारा हां, ५ वर्षांतली १० टक्के रिस्क आणि ३० वर्षांतली १० टक्के यात खूप फरक आहे. मग ओढणाऱ्यांच्या रिस्कला न ओढणाऱ्यांच्या रिस्कने भागलं की रिलेटिव्ह रिस्क.

उलट बाजूने, म्हणजे आजारी माणसं आधी घेतली, त्यांच्या जोडीला आजार नसलेली घेतली आणि दोघांना मागचं विचारलं, तर केस-कंट्रोल (आजारी ते केस, आजार नसलेले ते कंट्रोल). सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांचा १९५० चा पेपर घ्या. फुप्फुसाचा कॅन्सर झालेले ६४९ पुरुष, त्यातले ६४७ ओढणारे आणि २ न ओढणारे. कॅन्सर नसलेले पण ६४९, त्यात ६२२ ओढणारे, २७ न ओढणारे. आता कोणी म्हणेल ओढणारे एकूण १,२६९, त्यातल्या ६४७ ना कॅन्सर, म्हणजे रिस्क ५१ टक्के! अहो पण ओढणाऱ्या दर दोघांतल्या एकाला कॅन्सर होत नाही, निम्मी माणसं कॅन्सरचीच आपण वेचून आणलीत म्हणून तसं दिसतंय, छेद आपणच बनवलाय. एका केसमागे चार कंट्रोल घेतले असते तर हीच “रिस्क” धाडकन खाली आली असती.

म्हणून इथे तिरपा गुणाकार करायचा, ६४७ गुणिले २७ भागिले (२ गुणिले ६२२), साधारण १४. हा ऑड्स रेशो, आणि कंट्रोल कितीही घेतले तरी तो त्यामुळे बदलत नाही हीच त्याची गंमत. आजार दुर्मिळ असेल तर त्याला रिलेटिव्ह रिस्कच्या जागी वाचलं तरी चालतं. आजार कॉमन असेल तर मात्र नाही, समजा एका गटात ६० टक्के आजारी आणि दुसऱ्यात ४०, रिलेटिव्ह रिस्क दीड पण ऑड्स रेशो सव्वादोन, आणि बातमीत छापून येतं “सव्वादोन पट धोका”.

एकाच वेळी आजारही मोजला आणि सवयही विचारली तर क्रॉस-सेक्शनल. त्यातून आत्ता किती जण आजारी आहेत एवढं कळतं, आधी काय झालं ते नाही, त्यामुळे कारण-बिरण त्यात शोधू नका.

डिझाइन कुठलंही असो, कन्फाउंडिंग बघाच, म्हणजे सवय आणि आजार दोन्हींशी जोडलेलं तिसरंच काही आहे का ते. कॉफीवाल्यांत कॅन्सर जास्त दिसला तर कॉफी पिणारे सिगरेटही जास्त ओढतात का ते बघा, मग फक्त न ओढणाऱ्यांना वेगळं काढून कॉफी पिणारे आणि न पिणारे यांची तुलना करा, फरक गायब झाला तर कॉफी उगाचच बदनाम झाली. केस-कंट्रोलमध्ये आठवणीचाही प्रॉब्लेम असतो, आजारी माणूस “मलाच का झालं” म्हणून जुनं सगळं खणून काढतो, निरोगी माणसाला कशाला आठवतंय.

आणि शेवटी मूळ रिस्क किती होती ते विचारा. ब्रिटनमध्ये १९९५ ला इशारा आला की नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या दुप्पट होतो. खरंच दुप्पट होता, पण सुमारे ७,००० बायकांमागे १ चे २, म्हणजे ७,००० मध्ये एक जास्त. लोकांपर्यंत पोचलं ते फक्त दुप्पट, खूप जणींनी घाबरून गोळ्या बंद केल्या, नको असलेली गर्भारपणं आणि गर्भपात वाढले, आणि गर्भारपणात गुठळी होण्याचा धोका त्या गोळीपेक्षाही जास्त असतो.