कम्युनिटी फाउंडेशनकडे अनुदान मागताना आधी बजेट लिहा

अनुदानाचा अर्ज कसा लिहावा यावर जो तो एकच सल्ला देतो: "चांगली गोष्ट सांगा." गेली पंधरा-सोळा वर्षं मी छोट्या संस्थांचे अर्ज लिहिते, तपासते आणि परत आलेले दुरुस्तही करते. गोष्ट नीट नव्हती म्हणून परत आलेला अर्ज मला फारसा आठवत नाही. बजेट जुळत नव्हतं म्हणून परत आलेले मात्र फायलीभर आहेत.

कम्युनिटी फाउंडेशन म्हणजे एका भागातल्या अनेक देणगीदारांचा पैसा एकत्र ठेवून त्याच भागातल्या कामांना देणारी संस्था. अशी पहिली संस्था १९१४ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला निघाली. आपल्याकडे मुंबईत बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट आहे. अशा फाउंडेशनमध्ये अर्ज वाचणाऱ्याला तुमचा भाग ठाऊक असतो. शिक्षणाची दुरवस्था त्याला दोन पानं समजावून सांगू नका.

१. कागद

नोंदणी, पॅन, १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला आयकरातून सूट), ८०जी (देणगीदाराला करसवलत), तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, दर्पण क्रमांक (नीती आयोगाच्या पोर्टलवरची संस्थेची नोंद) हे सगळं हाताशी आहे असं धरते. पैसा मुळात कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे त्यांनी समाजकामासाठी काढलेल्या निधीतून, येत असेल तर सीएसआर-१ चा, म्हणजे असा निधी घेणाऱ्या संस्थांसाठीच्या सरकारी फॉर्मचा, नोंदणी क्रमांकही मागतील. एक मात्र आजच तपासा. विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करण्याचा अर्ज, दाखल केलाय का? मुदत ९० दिवसांची असते, आणि आपल्याकडे वारलेल्या अध्यक्षांचं नाव वर्षानुवर्षं रेकॉर्डवर तसंच असतं. अर्जावर सही एकाची आणि नोंदीत नाव दुसऱ्याचं निघालं की फाइल तिथेच अडकते.

परदेशातून पैसा थेट घ्यायचा, मग तो तिथल्या मराठी मंडळाने जमवलेला का असेना, तर एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची नोंदणी) आणि स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेत खातं लागतं. नसेल तर त्या अर्जात वेळ घालवू नका.

२. फोन

फाउंडेशनने मागच्या दोन वर्षांत कोणाला, कशासाठी, किती दिले ते बघा. मग फोन करा आणि सरळ विचारा: आमच्या तालुक्यात यंदा कशासाठी देताय, साधारण कितीपर्यंत? दहा मिनिटांचा हा फोन न करता लोक महिनाभर अर्ज लिहितात.

३. बजेट

इथे मी स्वतः आपटले आहे, म्हणून जरा सविस्तर.

माझ्या पहिल्या मोठ्या अर्जाच्या वेळी एका अनुभवी गृहस्थांनी सांगितलं, "प्रशासकीय खर्च शून्य दाखवा, देणगीदार खूश होतात." मी शून्य दाखवला. अनुदान मिळालं, पेढे वाटले. पुढचं वर्षभर हिशेबनिसाचा पगार मी आणि आमचे खजिनदार खिशातून देत होतो. दुसऱ्या वर्षी वाढवून मागितलं तर उत्तर आलं, "मागच्या वर्षी तर याशिवाय चाललं होतं." बरोबरच होतं त्यांचं. चालतं असं मीच लिहून दिलं होतं.

एक नमुना घ्या. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलं गावात आजी-आजोबांकडे राहतात. त्यातल्या ३० मुलांसाठी नोव्हेंबर ते एप्रिल अशी सहा महिने संध्याकाळची अभ्यासिका चालवायची आहे. बहुतेक संस्था एवढंच लिहितात: दोन ताईंचं मानधन दरमहा ७,००० प्रमाणे ८४,०००, खाऊ दर मुलाला रोज १२ रुपये, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ५४,०००, वह्या-साहित्य ४०० प्रमाणे १२,०००, भाडं आणि वीज १,५०० प्रमाणे ९,०००. बेरीज १,५९,०००.

आता विचारा: या दोन ताईंकडे लक्ष कोण देणार? एखादी ताई बाळंतपणाला गेली तर बदली कोण शोधणार? ते करणारी समन्वयक तुमच्याकडे १५,००० पगारावर आहे आणि तिचा एक तृतीयांश वेळ इथे जाईल. महिन्याला ५,००० प्रमाणे ३०,००० लिहा. तिचा प्रवास ६,०००. हिशेबनिसाच्या पगाराचा वाटा २,००० प्रमाणे १२,०००. ऑडिट फीचा वाटा ४,०००. खरी बेरीज २,११,००० आहे. आधीच्या कागदावर यातला जवळपास चौथा भाग गायब होता.

समन्वयकाचा पगार प्रशासकीय खर्चात टाकू नका. ती अभ्यासिकेचंच काम करते, म्हणून तिची जागा कार्यक्रमाच्या खर्चात. निव्वळ कार्यालयीन खर्च उरतो हिशेबनीस आणि ऑडिट मिळून १६,०००, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आसपास. हा आकडा लपवण्यासारखा अजिबात नाही. फाउंडेशनने मर्यादा घातली असेल तर तिच्या आत बसवा. बसत नसेल तर उरलेले कुठून आणणार ते लिहा, पण खर्चच नाही असं लिहू नका.

"इतर", "किरकोळ", "आकस्मिक" हे रकाने काढून टाका. प्रत्येक ओळीत दर गुणिले संख्या गुणिले महिने दिसलं पाहिजे. एकरकमी "साहित्य: ५०,०००" दिसलं की वाचणाऱ्याचा लाल पेन बाहेर येतो, आणि मी त्या खुर्चीत असते तर माझाही आला असता.

स्थानिक वाटाही दाखवा. ग्रामपंचायतीने समाजमंदिर फुकट दिलं तर भाड्याची ओळ उडवू नका. रक्कम तीच ठेवा आणि शेजारी "ग्रामपंचायतीचा वाटा" लिहा. गावाने काय घातलं हे अशा फाउंडेशनला फार बघायचं असतं, आणि आपण नेमकं तेच गृहीत धरून लिहायचं विसरतो.

शेवटी हप्त्यांचं गणित मांडा. दुसरा हप्ता बहुधा पहिल्याचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, दिल्यावरच येतो. माझ्या एका प्रकल्पात तो तीन महिने उशिरा आला आणि तेवढे दिवस ताईंना मानधन मिळालं नाही. एकीने काम सोडलं. तेव्हापासून मी पहिला हप्ता निम्म्याहून जास्त मागते आणि दोन महिन्यांचं मानधन संस्थेच्या खात्यात बाजूला असल्याशिवाय काम सुरू करत नाही.

४. अर्ज

बजेट झालं की अर्ज दोन दिवसांत होतो, कारण प्रत्येक ओळीला एक परिच्छेद देता येतो. सक्षमीकरण, सर्वांगीण विकास, मुख्य प्रवाह हे शब्द खोडा. त्याऐवजी गेल्या हंगामात किती मुलं शाळेतून गळली तो तुमच्या गावाचा आकडा हजेरीपटावरून घ्या.

५. पाठवणे

शेवटच्या दिवशी पोर्टल चालत नाही. चार दिवस आधी पाठवा.

६. भेट

ते बघायला येतील तेव्हा तोरणं, रांगोळ्या, मुलांचं स्वागतगीत नको. रोजचं काम रोजच्यासारखं चालू द्या आणि हिशेबनिसाला जवळ बसवा. खाऊच्या १२ रुपयांत काय देता, हे ते ताईलाच विचारतील. तिलाही बजेट माहीत असू द्या.

७. मंजुरीनंतर

करारपत्रावर सही करण्याआधी दोन गोष्टी वाचा: खर्च कोणत्या तारखेपासून धरणार, आणि एका रकान्यातला पैसा दुसऱ्यात किती हलवता येईल. करारापूर्वीच्या तारखेचं बिल बहुतेक जण मान्य करत नाहीत. पहिला हप्ता जमा झाला की टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळं कॉस्ट सेंटर, म्हणजे या प्रकल्पाच्या खर्चाचा स्वतंत्र कप्पा, उघडा आणि प्रत्येक व्हाउचरवर प्रकल्पाचं नाव त्याच दिवशी लिहा. मार्चमध्ये लिहायला बसलात तर नोव्हेंबरातली ती रिक्षा कोणत्या कामाला केली होती, हे कुणालाच आठवत नाही.