पहिली एअर रायफल घेताय? या चुका टाळा

दिवाळीनंतर कापूस विकला गेला की आणि दहावीचे निकाल लागले की, अशी वर्षातून दोनदा आमच्या नेमबाजीच्या रेंजवर नव्या लोकांची गर्दी होते. भुसावळजवळ पत्र्याच्या शेडमध्ये सहा लेनची, दहा मीटरची साधी रेंज आहे आमची. बारा वर्षं मी तिथे मुलांना शिकवतोय. या बारा वर्षांत चुका बदलल्या नाहीत, फक्त त्या करणारी मुलं बदलली. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

आधी एक गोष्ट मोकळी करतो. मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ पाहून काही मुलं थेट विचारतात, "सर, सेमी-ऑटोमॅटिक पॉइंट टूटू घ्यायची आहे, कुठे मिळेल?" म्हणजे .22 बोअरची, ट्रिगर दाबला की पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल. बंदुकीच्या दारूवर चालणाऱ्या कोणत्याही रायफलला 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो. त्यातही सेमी-ऑटोमॅटिक रायफल 2016 च्या शस्त्र नियमांत कडक प्रवर्गात टाकली आहे. शेतीच्या रक्षणासाठी काकांना मिळालेल्या बारा बोअरच्या परवान्यासारखं ते काम नाही. आणि खेळासाठी तिची गरजही नाही. ऑलिंपिकमधली 50 मीटर रायफल प्रत्येक गोळी हाताने भरून एकेक मारायची असते. तुम्ही एनसीसीत डिलक्स रायफल चालवली असेल तर बोल्ट ओढून एकेक गोळी भरायची ती शिस्त तुम्हाला ठाऊक आहे. स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला ब्राँझ जिंकलं ते अशाच रायफलने. सुरुवात मात्र दहा मीटर एअर रायफलनेच करा. 4.5 मिलिमीटर बोअर आणि 20 जूलपर्यंतची ताकद असलेल्या हवेच्या रायफलला परवाना लागत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन, पक्कं बिल घेऊन ती विकत घेता येते. बिल जपून ठेवा. एसटीत किंवा रेल्वेत पिशवी उघडायला लावली तर तेच कामी येतं.

फूट प्रति सेकंदाचं वेड

जाहिरातीत "1200 फूट प्रति सेकंद" दिसलं की मुलांचे डोळे चमकतात. ऑलिंपिकमध्ये वापरतात ती मॅच रायफल छर्रा साधारण 570 फुटांच्या वेगाने फेकते आणि तिची ताकद साडेसात जूलच्या आसपास असते. अभिनव बिंद्राने 2008 मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकलं ते त्याच जातीच्या रायफलने. दहा मीटरवर वेगाचा उपयोग नाही. उलट छर्रा आवाजाच्या वेगाजवळ गेला की डगमगतो आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा भोकांचा पुंजका, पसरतो. स्वस्त, ताकदवान स्प्रिंग रायफलमध्ये आणखी एक अडचण आहे. ट्रिगर दाबल्यावर आतला जड पिस्टन पुढे धावतो, छर्रा अजून बॅरलमध्येच असतो आणि तेवढ्यात सगळी रायफल हलून जाते. कसलेल्या माणसालाही ती एकसारखी धरणं अवघड जातं. नवशिक्याला तर कळतच नाही की चूक आपली की रायफलची.

स्प्रिंगवाली घेतलीच असेल तर छर्रा न भरता ती कधीही सोडू नका, आतला सील आणि स्प्रिंग खराब होते. बॅरलमध्ये तेलही ओतू नका.

सिलिंडरवरची तारीख न बघणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे आणि हिच्यावर मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण हिच्यात गरीब माणसाचे पैसे जातात.

मॅच एअर रायफल दाबलेल्या हवेवर चालते. बॅरलखाली सिलिंडर असतं, त्यात सहसा 200 बार दाब भरतात. त्या सिलिंडरला वयाची मर्यादा असते. बहुतेकांवर ती दहा वर्षांची असते, काहींची त्याहून जास्त. महिना-वर्ष सिलिंडरवर कोरलेलं असतं. मुदत संपलेलं सिलिंडर वापरायचं नाही आणि ती बघण्याची जबाबदारी नेमबाजाची, असं आंतरराष्ट्रीय नियमच सांगतात.

चार वर्षांपूर्वी पारोळ्याकडचे एक शेतकरी मुलाला घेऊन आले. मुलगा नववीत, हात स्थिर, नजर उत्तम. मी म्हटलं, सहा महिने रेंजच्या रायफलवर शिकू दे, मग बघू. महिन्याभरातच ते परदेशी बनावटीची सेकंडहँड रायफल घेऊन हजर. एका ओळखीच्या माणसाने "घ्या पटकन, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" म्हणून एक लाख चाळीस हजारांना दिली होती. नवी दोन लाखांच्या वर जाते, त्यामुळे सौदा चांगला वाटला. लाकूड चकचकीत, ट्रिगर मऊ. मी सिलिंडर उलटं केलं आणि तारीख वाचली. मुदत संपून तीन वर्षं झाली होती. वर हवा धरतही नव्हती, रात्री भरलं की सकाळी दाबाचा काटा खाली. विकणाऱ्याने त्यांना नेहमी भरलेलंच सिलिंडर दाखवलं होतं.

ते गृहस्थ बराच वेळ बोललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "सर, आते काय करानं?" नवं सिलिंडर आणि सील मिळून तीस हजारांच्या घरात गेले. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. मुलाला दोन महिने पुन्हा आमच्याच जुन्या रायफलवर उभं राहावं लागलं. त्याने ते मुकाट्याने केलं, पण वडील रेंजच्या दारात बसून ज्या नजरेने बघायचे ते मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून सेकंडहँड रायफल बघायला मी स्वतः जातो आणि माझा क्रम ठरलेला असतो. सगळ्यात आधी सिलिंडरची तारीख, भिंग घेऊन. मग सिलिंडर भरायला लावतो, काट्याचा फोटो काढतो आणि दुसऱ्या दिवशी परत जातो. काटा तिथेच हवा. मग रायफल व्हाइसमध्ये (घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात) किंवा वाळूच्या पिशव्यांवर टेकवून दहा छर्रे. दहाही एका भोकात हवेत. विकणारा म्हणाला "आजच ठरवा", तर मी उठतो. या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही, मुलाच्या मामाचंही नाही.

सिलिंडरचंच आणखी एक. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं. पंचवीस अंशाला 200 बार भरलेलं सिलिंडर साठ अंशाला सव्वादोनशेच्या जवळ जातं. जळगावला स्पर्धेला जाताना वाटेत जेवायला थांबलात तर रायफलची बॅग सोबत आत घ्या. डिकीत ठेवू नका. भरतानाही झटकन भरू नका. वेगाने भरलं की सिलिंडर गरम होतं, काटा पूर्ण दाखवतो आणि गार झाल्यावर खाली येतो.

डोळा न तपासता उजवी रायफल

उजव्या हाताने लिहिणाऱ्या प्रत्येकाचा उजवाच डोळा प्रबळ असतो असं नाही. दोन्ही तळहातांच्या मधे छोटा त्रिकोण करून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, त्यातून लांबचा दिवा पाहा. मग एकेक डोळा मिटा. जो डोळा मिटल्यावर दिवा त्रिकोणातून गायब होतो, तो प्रबळ. एक मिनिटाचं काम आहे. चोपड्याची एक मुलगी वर्षभर डावा डोळा घट्ट मिटून मारत होती, डोकं दुखतं म्हणून चष्मे बदलत होती. तिचा डावा डोळा प्रबळ निघाला. अशा वेळी दोन वाटा असतात: मुलगी नवीनच असेल तर डाव्या खांद्यावर शिकवणं, नाहीतर डाव्या डोळ्यापुढे छोटी पट्टी लावून दोन्ही डोळे उघडे ठेवणं. मी पहिल्या महिन्यात असेल तर खांदाच बदलतो. हिच्या बाबतीत पट्टी लावली. डोकेदुखी थांबली.

प्रत्येक छर्र्यानंतर साइट फिरवणं

दहाचं वर्तुळ अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचं असतं. नवशिक्याचा छर्रा डावीकडे सातवर गेला की तो साइटचा, म्हणजे नेम धरायच्या भागाचा, स्क्रू फिरवून दोन क्लिक उजवीकडे देतो. पुढचा उजवीकडे आठवर जातो, मग परत डावीकडे. तासाभराने साइट कुठे होती हे त्याला सांगता येत नाही. एक छर्रा काही सांगत नाही. पाच छर्रे एकाच पद्धतीने मारा, त्यांचा ग्रुप बघा, मग ग्रुपच्या मध्यासाठी साइट हलवा. माझ्या मुलांना पहिले तीन महिने साइटला हात लावायची परवानगी नसते. टार्गेट उलटं लावतो, कोऱ्या बाजूवर मारायला लावतो. गुण मोजायला काही उरत नाही, फक्त ग्रुप लहान करायचा. पालकांना हे आवडत नाही, त्यांना आकडा हवा असतो. मी देत नाही.

त्याच्याही आधी रोज शंभर वेळा छर्र्याशिवाय होल्डिंग: रायफल उचलायची, आठ-दहा सेकंद धरायची, खाली ठेवायची. त्याहून जास्त वेळ टार्गेटच्या काळ्या गोलाकडे बघत राहिलात तर डोळा खोटं चित्र दाखवायला लागतो. वेळ गेला तर रायफल खाली घ्या. ओढून-ताणून मारलेला छर्रा वाईटच जातो. हे पंधरा दिवस न करता थेट छर्रे मागणारी मुलं माझ्याकडे टिकत नाहीत आणि त्यांना टिकवण्यासाठी मी नियम सैल करत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम) की पीप साइट (बारीक भोकातून नेम), हे रायफल घेण्याआधी स्पर्धेच्या पत्रकात बघा. शालेय स्पर्धांत दोन्ही प्रकार वेगळे असतात आणि चुकीच्या साइटची रायफल घेऊन मुलं जिल्ह्यातूनच परत येतात.

नेमबाजीचं जाड जॅकेट घाईने घेऊ नका. वाढत्या वयाच्या मुलाला ते वर्षात आखूड होतं.

छर्रे चपट्या तोंडाचेच घ्या. डबा पडला आणि छर्र्यांच्या शेपट्या वाकल्या तर ते सरावातूनही काढून टाका. छर्रा शिशाचा असतो, त्यामुळे भाकरीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. लेनवर डबा उघडून जेवणाऱ्यांना मी बाहेर पाठवतो.

केळीच्या बागेतली पाखरं, रोही (नीलगाय) किंवा डुकरं हाकलायला ही रायफल वापरू नका. 1972 चा वन्यजीव संरक्षण अधिनियम तुमच्या शेतातही लागू आहे. घरच्यांनी हट्ट धरला तर रायफल रेंजवरच ठेवा.

आणि "रिकामीच आहे" हे वाक्य. आमच्याकडे एका मुलाने असंच म्हणत रायफल मित्राकडे वळवली होती. मी ती हातातून घेतली, जमिनीकडे रोखून तपासली, तर आत छर्रा होता. दहा मीटरवरून तो कागद फाडतो आणि जवळून डोळा फोडतो. त्या मुलाला मी परत कधीच रेंजवर घेतलं नाही, त्याचे वडील तीनदा येऊन बसले तरी. रायफल बॅगेतून निघाली की बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅगची, म्हणजे नळी रिकामी असल्याचं दाखवणारी, दोरी हवी आणि तोंड कायम टार्गेटकडे, भरलेली असो वा नसो.

रेंजवर पहिल्यांदा येताना काही विकत घेऊन येऊ नका. सपाट तळाचे बूट, फुल पँट आणि पाण्याची बाटली पुरे. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला या, नऊनंतर पत्र्याखाली उभं राहवत नाही.