मैनेची संध्याकाळची मालिश

पर्यटकांच्या गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात, तिथून पुढे माथेरानात माझी घोडी मैना माणसं वाहते. शनिवार-रविवारचा चढ-उतार तिच्या अंगात साठतो. नव्याने घोडा सांभाळणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय.

खोगीर उतरवलं की लगेच दाबायला घेऊ नका. दहा मिनिटं हळू फिरवा, पाणी दाखवा, घाम सुकू द्या, मग खरारा करा. तेल मी लावत नाही. आमची लाल माती तेलाला चिकटते आणि दुसऱ्या दिवशी खोगिराखाली कातडी सोलते.

डावीकडून, तिला दिसेल असं जवळ जा. एक हात कायम अंगावर ठेवा. कानामागून सुरुवात करून आयाळीखालून खांद्यापर्यंत उघडा तळवा सावकाश फिरवा. या फेरीत दाबायचं नाही, फक्त शोधायचं. मोकळा स्नायू हाताखाली हलतो, आखडलेला ताठ लागतो. तिथे हात गेला की कातडी थरथरते, कान मागे जातात.

खांद्याला जास्त वेळ द्या. घोड्याचे पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेले नसतात, सगळं स्नायूंवर तोललेलं असतं, आणि उतारावर भार पुढेच येतो. तळहाताच्या टाचेने छोटे गोल फिरवा, जोर मनगटाचा नको, अंगाचा भार द्या. गाठ सापडली तर वीस-तीस सेकंद नुसतं दाबून थांबा. मैना आधी श्वास रोखते. मग मान खाली सोडते, ओठ चाटते, जबडा हलवते, कधी लांब जांभई देते. तेव्हा हात हलका करायचा. ती सरकून बाजूला गेली तर दाब जास्त झालाय, माघार घ्या.

पाठीवर कण्याच्या हाडाला दाब द्यायचा नाही, दोन्ही बाजूंनी चालायचं. बरगड्या संपल्या की हात अगदी हलका. पुठ्ठे शेवटी, बाजूला उभं राहून.

मैनेला आयाळ संपते तिथल्या उंचवट्याच्या उजव्या अंगाला पुन्हा पुन्हा गाठ यायची. मी महिनाभर चोळत राहिलो. मग लक्षात आलं, प्रत्येक जण डाव्या रिकिबीत पाय टाकून चढतो, खोगीर डावीकडे ओढलं जातं आणि ते उजवीकडे रुततं. आता मी माणसाला दगडी ओट्यावरून चढवतो आणि पलीकडची रिकीब हाताने दाबून धरतो. तेव्हापासून तिथे क्वचितच ताठपणा लागतो.

ताप, जखम, गरम सूज किंवा लंगडणं असेल तर मालिश नाही. पुठ्ठे दगडासारखे कडक होऊन घोडा घामाने भिजला, पाऊल टाकेना, लघवी कॉफीसारखी काळपट झाली, तर चोळू नका आणि चालवूही नका. आहे तिथेच उभा ठेवा, डॉक्टरांना तिथे बोलवा.