मृगाआधी आलेखाचा कागद आखून ठेवा. महिन्याच्या बेरजेवर रोप जगत नाही

भाताची धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी) करणाऱ्यांनी बियाण्याबरोबर पावसाच्या नोंदीचीही तयारी आताच करावी. कोकणात एकूण पाऊस कमी पडला म्हणून रोप क्वचितच मरते. पहिल्या सरींवर ते उगवते आणि पुढच्या आठ-दहा दिवसांच्या उघडिपीत करपते. समजा, जूनमध्ये ७०० मिमी पडला आणि त्यातला ५०० मिमी शेवटच्या पाच दिवसांत. महिन्याचा स्तंभ उंच दिसेल, वाफा मात्र रिकामा.

म्हणून पाऊस रोजचा मांडा, आणि स्तंभांनीच. दोन दिवसांचे आकडे रेघेने जोडले की मधे न पडलेला पाऊसही पडल्यासारखा दिसतो. आलेख कागदावर दिवसाला २ मिमी रुंदी, उभ्या १ सेंमीला २० मिमी पाऊस, तळ शून्यावरच. जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस साडेचोवीस सेंमीत बसतात. अपुरे पडले तर दुसरा कागद चिकटवा. २.५ मिमीपेक्षा कमी पाऊस हवामान खाते पावसाचा दिवस धरत नाही, तुम्हीही धरू नका.

नोंद रोज सकाळी साडेआठला. सरळ कडांचे, किमान ३० सेंमी खोल भांडे चालते. तोंड जमिनीपासून ३० सेंमी वर, आणि माडापोफळीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट लांब. नोंद चुकली तर जागा कोरी सोडा. शून्य लिहिलेत तर नसलेली उघडीप तयार होते.

तापमानाला रेषालेख: कमाल-किमान दोन रेघा, तळ शून्यावर नसला तरी चालतो. यंदाचा पाऊस गेल्या वर्षीशी ताडायचा तर १ जूनपासूनची चढती बेरीज (रोजचा पाऊस आधीच्या बेरजेत मिळवत) रेघेने, दोन्ही वर्षे एकाच मापात. उघडिपीत ही रेघ आडवी पडते. हवामान बदललं का, हे पाच वर्षांवरून ठरवू नका. ३० वर्षांची सरासरी मधे धरून दर वर्षाची तूट-वाढ खाली-वर स्तंभांनी दाखवा. वर्तुळाचा आलेख काळासाठी निरुपयोगी. महागडे हवामान यंत्र घ्यायची गरज नाही.

इतर कामे:
– गादीवाफे, निचऱ्याचे चर
– बियाण्याला बीजप्रक्रिया
– सुपारीवर कोळेरोगाविरुद्ध (फळे कुजवणारा रोग) पावसाआधी १ टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर), दुसरी फवारणी ४० ते ४५ दिवसांनी

आमचा अंदाज असा, की सलग उंच स्तंभांमधे एखाद-दुसरा उन्हाचा दिवस आला की कोळेरोग उठतो. दुसऱ्या फवारणीचे दिवस भरत आले असतील तर अशी पहिली उघडीप दवडू नका. धूळवाफेत मात्र त्याच उघडिपीचा तिसरा कोरडा दिवस दिसला की संध्याकाळी रोपाला पाणी द्या. महिनाअखेरच्या बेरजेची वाट पाहू नका.