गेजवर ऑईल वाढलं तर खूश होऊ नका

गोव्यात मालीमच्या जेटीवर पहिल्यांदा मासेमारीच्या ट्रॉलरवर चढलो तेव्हा मला ऑईल बदलता येत होतं, फिल्टर लावता येत होता. वेंगुर्ल्यात गॅरेजमध्ये दोन वर्षं काढलेली. आपण ड्रायव्हर, म्हणजे बोटीचं इंजिन सांभाळणारा, झालो असंच वाटत होतं. त्यामुळे 15डब्ल्यू-40 म्हणजे काय, फिल्टरच्या रबराला ऑईल का लावायचं, हे इथे सांगत बसत नाही. मी फसलो ते सांगतो.

आमचं इंजिन जुनं. रोज अर्धा-पाऊण लिटर ऑईल प्यायचं. त्या फेरीत मात्र चार दिवस गेजवरची, म्हणजे ऑईल मोजायच्या पट्टीवरची, पातळी जागची हलेना. सहाव्या दिवशी तर ऑईल वरच्या खुणेच्याही वर बोटभर. मी तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, सांगितलं, "काका, इंजिन सुधारलं." तो म्हणाला, "बरं झालं, तेवढं ऑईल वाचलं." आठव्या रात्री जाळं ओढताना ऑईल प्रेशरचा काटा चारवरून दीडवर आला आणि खालून ठकठक सुरू झाली. बंद केलं, पण उशीर झाला होता. दुसऱ्या बोटीने आम्हाला ओढत आणलं. त्या दिवशी जेटीवर कोणाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

झालं असं, की इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या फीड पंपाचा पडदा फाटला होता आणि डिझेल थेंबथेंब सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑईल साठतं तिथे, उतरत होतं. इंजिन ऑईल जाळतच होतं, ती जागा डिझेल भरत होतं. म्हणून पातळी तशीच. ऑईल मात्र पाण्यासारखं पातळ झालेलं. बेरिंग आणि त्यात फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, यांच्यामध्ये ऑईलचा जो पापुद्रा असतो तो अशा ऑईलने टिकत नाही, धातूवर धातू घासतो. पीत असलेलं इंजिन अचानक प्यायचं थांबलं तर ते बरं झालेलं नसतं, आत दुसरं काहीतरी येत असतं. हे वाक्य मी त्या वर्षी इंजिन रूमच्या दारावर खडूने लिहून ठेवलं होतं.

ओळखायचं कसं? गेज काढलं की आधी नाकाजवळ न्या. मग एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाकून अर्धा तास ठेवा. मधल्या काळ्या डागाभोवती तेलकट फिकट कडं लांब पसरलं तर डिझेलचा संशय घ्या. ऑईल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी आहे, बहुतेक ऑईल कूलर नाहीतर गॅसकेट गळतंय. दोन्हीत इंजिन चालवत राहू नका. नुसतं काळं झालंय म्हणून मात्र घाबरू नका, डिझेल इंजिनात ते काळं होणारच.

आणि मोजायचं नीट. इंजिन बंद करून पंधरा मिनिटं थांबा. बोट डुलत असते, म्हणून गेज तीनदा घाला आणि मधला आकडा धरा. वहीत तास, पातळी आणि किती लिटर टाकलं ते लिहा. दिवसाला वीस तास इंजिन चाललं तर ऑईल बदलायचे 250 तास साडेबारा दिवसांत भरतात, त्यामुळे तारखेवर जाऊ नका. माझे गुरू वही ठेवत नसत, बोटाला लावून सांगत. ते मोठा माणूस, पण त्यांचं बोट तुमच्याकडे नाही. बाटलीतलं "प्रेशर वाढवणारं" औषध मला कोणी फुकट दिलं तरी नको. काटा वर दिसतो, बेरिंग झिजतच राहतं.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत आकडे चुकतील, हात काळे राहतील, मालक कुरकुरेल. चालतं. मीही जेवताना गेज बघितलं का म्हणून दोनदा उठायचो.

1 जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागायच्या आधी, ऑईल बदलून साठच तास झाले असले तरी ऑईल गरम असताना काढून नवं भरा. जुन्या ऑईलमधलं आम्ल 31 जुलैपर्यंत बेरिंग खात बसतं. आणि काढलेलं ऑईल मांडवीत ओतू नका, कॅनमध्ये भरून वर घेऊन या.