गोचिडीच्या पेशींवर काम करायला निघालेल्यांसाठी

गोव्यात मायक्रोबायोलॉजी शिकून विषाणूंकडे वळणारी मुलं मला हटकून माकडतापाबद्दल, म्हणजे गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या विषाणूच्या तापाबद्दल, विचारतात. साहजिकच आहे. २०१५ पासून गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात हा ताप सगळ्यांना ठाऊक झाला. काजूच्या दिवसांत बागायतीत जाणाऱ्यांना गोचिडीची धास्ती असते. मीही सत्तरीचीच, त्याच ओढीने या विषयात आले.

माकडतापाचा विषाणू साध्या प्रयोगशाळेत वाढवायची परवानगी नसते, आणि ते योग्यच आहे. शिकायला त्याचा सौम्य भाऊबंद, लांगाट विषाणू, मिळाला तर कमीपणा मानू नका. मलेशियातल्या गोचिडींत १९५६ साली सापडलेला हा विषाणू खूप शिकवतो.

माकडाच्या मूत्रपिंडापासून केलेल्या व्हेरो पेशींत तो घातला, की काही दिवसांत पेशी गोल होतात, तळ सोडतात, मरतात. आयएसई६ या गोचिडीच्या पेशींत तोच घाला, मायक्रोस्कोपखाली काहीच दिसत नाही. पेशी निवांत वाढतात आणि महिनोन्महिने विषाणू बाहेर सोडत राहतात. संसर्ग झालाच नाही असं समजून नवखे इथे फ्लास्क टाकून देतात. कृपा करून टाकू नका! वरचं माध्यम (पेशी वाढतात तो द्रव) व्हेरोवर घालून प्लाक, म्हणजे मेलेल्या पेशींचे ठिपके, मोजा, आरटी-पीसीआर करा, इम्युनोफ्लुरोसन्सने किती पेशींत विषाणूची प्रथिनं आहेत ते पाहा.

गोचिडीच्या पेशी विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, कापून त्याला आवरतात, पण नायनाट करत नाहीत. म्हणूनच गोचीड एकदा बाधित झाली की अळीपासून प्रौढ होईपर्यंत विषाणू वाहते. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर कोडं हेच वाटतं. सस्तन प्राण्यांच्या पेशींतही मोजक्या वाचतात आणि तसाच चिवट संसर्ग बाळगतात.

गोचिडीच्या पेशींना साधारण ३२ अंश तापमान आणि घट्ट बंद फ्लास्क लागतो. कार्बन डायऑक्साइड नको. वाढ फार संथ, त्यामुळे आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात बुरशीला भरपूर वेळ मिळतो. आठवड्याला माध्यम बदलताना हात सावध ठेवा.

तुलनेसाठी विषाणू न घातलेला फ्लास्क कायम सोबत चालवा. आयडीई८ या गोचिडीच्याच दुसऱ्या पेशींत तर सेंट क्रॉय रिव्हर हा विषाणू आधीपासूनच वस्तीला असतो. प्रयोगशाळेत रुजू होतानाच विचारून घ्या: पेशी कुठून आणल्या, पॅसेज कितवा (पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या), मायकोप्लाझ्माची (पेशींत गुपचूप शिरणाऱ्या जिवाणूची) तपासणी शेवटची कधी झाली.